पाटीवरचे ४१२ दिवस: विमान देखभालीत सुरक्षा मोजायची कशी आणि वाढवायची कशी

मी पूर्वी जिथं नोकरीला होतो तिथं हँगरच्या दारात एक पाटी होती: ‘अपघाताविना दिवस’. आकडा ४१२ वर होता, तेव्हा एक पोरगा वर्क स्टँडच्या शिडीवरून घसरला आणि त्याचं मनगट मुरगळलं. सोबतचा म्हणाला, “चूप राय ना बे, पाटी झिरोवर येऊन जाईन.” पोरगा चूप राहिला. शिडीच्या चाकाचं लॉक तुटलेलं होतं, तेही तसंच राहिलं. पंधरा दिवसांनी त्याच शिडीवरून दुसरा पडला आणि त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. तोवर पाटी चारशे पंचविशीच्या पुढं गेली होती आणि साहेब लोकांचा तिच्यासमोर फोटोही काढून झाला होता.

म्हणून कोणी ‘सेफ्टी कशी मोजायची’ विचारलं की मी आधी ती पाटी उतरवायला सांगतो. आकडा हवाच, पण आता कुठं बघायचं हे दाखवायला. शाबासकीसाठी ठेवलेला आकडा माणसांना गप्प बसवतो.

नागपुरात हा विषय जवळचा आहे. मिहानमध्ये विमान देखभालीचे हँगर आहेत, सोनेगावचा विमानतळ आहे, वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय इथंच आहे. शिकाऊ तंत्रज्ञ, लायसन्सवाले इंजिनियर आणि नव्यानंच सेफ्टी विभागात टाकलेले लोक मला भेटत असतात. त्यांना जे सांगतो तेच इथं क्रमानं मांडतो. उदाहरण साठेक माणसांच्या देखभाल हँगरचं घेतलंय, पण फ्लाइंग स्कूल असो की ग्राउंड हँडलिंग, रीत तीच.

नियम काय मागतो

थोडक्यात सांगतो, कारण लोक इथंच अडकून बसतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं, म्हणजे आयकाओचं ॲनेक्स १९ हे सुरक्षा व्यवस्थापनासाठीचं स्वतंत्र परिशिष्ट नोव्हेंबर २०१३ पासून लागू झालं. ते कसं राबवायचं याची पुस्तिका म्हणजे डॉक ९८५९; तिची चौथी आवृत्ती २०१८ ची. आपल्याकडं डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं सरकारी नियामक कार्यालय, याच चौकटीत सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे एसएमएस, मागतं. चौकटीचे चार खांब आहेत: धोरण, जोखीम व्यवस्थापन, सुरक्षेची खातरजमा आणि प्रसार. मोजमाप तिसऱ्या खांबात येतं. पण दुसरा खांब कच्चा असेल तर तिसऱ्यात तुम्ही भलतंच काहीतरी मोजत बसता. बहुतेक ठिकाणी हेच होतं: दुसऱ्या कुणाच्या मॅन्युअलमधून दहा निर्देशक, म्हणजे सुरक्षा मोजायचे आकडे, उचलायचे, नाव बदलायचं आणि ऑडिटला दाखवायचं.

पहिली पायरी: आपल्या कामातले धोके आपणच लिहायचे

सगळ्या शिफ्टची माणसं आलटून पालटून बसवा. ‘धोके सांगा’ म्हटलं की कोणी बोलत नाही. त्याऐवजी विचारा, “मागच्या महिन्यात कामावर कधी छातीत धस्स झालं?” मग चहा थंड होईस्तोवर लोक बोलतात.

नागपूरच्या हँगरची यादी मुंबईच्या हँगरपेक्षा वेगळी निघेल आणि निघायलाच हवी. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो. उन्हात उभ्या विमानाच्या पंखाला उघडा हात लावता येत नाही. घामानं पाना निसटतो. माणूस काम लवकर उरकून कूलरकडं धावतो, आणि कूलरच्या झोतात टास्क कार्डं, म्हणजे कामाच्या पायऱ्या लिहिलेले कागद, उडतात ती गोष्ट वेगळीच. पावसाळ्यात गवत वाढलं की किडे येतात, त्यांच्या मागं पक्षी. फ्लाइंग स्कूल असेल तर उष्णतेचा अजून एक हिशोब आहे. सोनेगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून जेमतेम १,०३३ फुटांवर आहे, पण ४५ अंशांना हवा इतकी विरळ होते की विमानाला ती जवळपास ५,००० फुटांवरची वाटते. धावपट्टी जास्त लागते, चढाई मंदावते. शिकाऊ वैमानिकानं जानेवारीत जमवलेला अंदाज मे महिन्यात दगा देतो.

यादी करताना कुंपणाबाहेरही बघा. २६ एप्रिल १९९३ ला औरंगाबादहून उडणारं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टीपुढच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकलं. ५५ माणसं गेली. चौकशीत वैमानिकांनी विमान उशिरा उचलल्याचं निघालं, तसंच त्या रस्त्यावरची वाहतूक आवरण्यात विमानतळ प्राधिकरण कमी पडल्याचंही निघालं. रस्ता एकाच्या ताब्यात, धावपट्टी दुसऱ्याच्या. अशा सांध्यांवरचे धोके कोणाच्याच यादीत नसतात. आपल्या हँगरचे सांधे म्हणजे इंधनाचा टँकर, कंत्राटी सफाईवाले, सुटे भाग आणणारी गाडी आणि सर्वांत मोठा म्हणजे शिफ्ट बदलण्याची वेळ. नागपूरला अदलाबदलीचा अनुभव जुना आहे म्हणा. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची रात्रीची टपाल विमानं मध्यरात्री इथंच जमायची, थैल्या बदलायची आणि परत फिरायची. थैली चुकीच्या विमानात गेली तर पत्र उशिरा पोचतं. अर्धवट राहिलेल्या कामाचा निरोप हुकला तर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

यादी चाळीसेक ओळींची झाली की प्रत्येक धोक्याला दोन खुणा द्या: घडण्याची शक्यता १ ते ५, ५ सर्वांत जास्त, आणि परिणामाची तीव्रता ए ते ई, ए सर्वांत वाईट. वरचे सात-आठ धोके वेगळे काढा. मोजायचं ते यांच्याचबद्दल.

दुसरी पायरी: प्रत्येक धोक्यासाठी निर्देशक निवडणं

इथं जरा रेंगाळू, कारण चूक बहुतेक इथंच होते. निर्देशक तीन थरांतून येतात. पहिला थर घडून गेलेल्या नुकसानीचा: इजा, विमानाला पोचलेला धक्का, उड्डाण रद्द. दुसरा थर थोडक्यात निभावलेल्या गोष्टींचा: जागेवर न सापडलेलं हत्यार, सही राहिलेलं टास्क कार्ड, चुकीचा पार्ट नंबर लावण्याआधी पकडला जाणं. तिसरा थर आपल्या आडभिंतींच्या, म्हणजे चूक अडवणाऱ्या व्यवस्थांच्या, तब्येतीचा: स्वतंत्र दुसरी तपासणी खरंच होते का, कॅलिब्रेशनची, म्हणजे माप अचूक आहे का ते तपासण्याची, तारीख उलटलेले टॉर्क रेंच (ठरावीक जोरानं बोल्ट आवळायचे पाने) किती, रात्रपाळीत लागोपाठ किती दिवस, शिफ्ट बदलताना कामाचं हँडओव्हर तोंडी झालं की लेखी.

फक्त पहिला थर मोजला तर काय होतं, याचं माझं आवडतं उदाहरण १० जून १९९० चं आहे. ब्रिटिश एअरवेजचं ५३९० हे उड्डाण बर्मिंगहॅमहून निघालं आणि १७,००० फुटांच्या वर कॉकपिटची डाव्या बाजूची काच उडाली. कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला, कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकानं विमान साउथॅम्प्टनला उतरवलं. सगळे वाचले. काच आदल्या दिवशी, पहाटेच्या सुमारास बदलली होती. ९० बोल्टपैकी ८४ व्यासाला कमी होते, उरलेले ६ लांबीला. जुने बोल्ट हातात धरून त्यांच्याशी नुसत्या नजरेनं जुळवून नवे उचलले होते. आणि मला दरवेळी थांबवणारी गोष्ट ही की काढलेले जुने बोल्टही मुळात चुकीचेच होते. तेही आखूड होते आणि तरी काही वर्षं टिकले. त्या सगळ्या काळात ‘अपघाताविना दिवस’ रोज एकानं वाढतच असणार. त्या काचेच्या कामाला दुसऱ्या माणसानं तपासण्याची अट नव्हती. चुकीचे बोल्ट दिसले असते तर ते तिसऱ्या थरातच: यादीतून पार्ट नंबर न बघता सामान किती वेळा उचललं जातं, हे कोणी मोजलं असतं तर.

माझा ठोकताळा असा: आठ निर्देशक ठेवले तर पहिल्या थरातले दोन, बाकी सहा दुसऱ्या आणि तिसऱ्या थरातले. आठाहून जास्त नकोत. पंचवीस निर्देशकांचा डॅशबोर्ड दिसतो झकास, पण तो बघतं कोण!

निवडलेल्या प्रत्येकाचं एक कार्ड बनवा. आमच्या उदाहरणात निर्देशक आहे ‘हत्यारांच्या हिशोबातली तफावत’. कार्डावर लिहायचं:

काय धरायचं: शिफ्टअखेर शॅडो बोर्डवर (प्रत्येक हत्याराची आकृती काढलेल्या फळीवर) रिकामी जागा, नोंद न करता नेलेलं हत्यार, विमानात किंवा खिशात सापडलेलं हत्यार, तुटलेल्या हत्याराचा न मिळालेला तुकडा.
काय धरायचं नाही: कॅलिब्रेशनला रीतसर पाठवलेलं हत्यार.
दहा मिनिटांत सापडलं तर: तरीही धरायचं.
कोण मोजणार: टूल क्रिबवरचा, म्हणजे हत्यारं देण्याघेण्याच्या खोलीतला माणूस, प्रत्येक शिफ्ट संपताना.
मालक कोण: हँगर इनचार्ज, सेफ्टीवाला नव्हे.

ती ‘दहा मिनिटांत सापडलं तर’ ओळ लिहिली नाही तर दोन शिफ्ट दोन वेगळ्या गोष्टी मोजतील आणि तुम्ही त्यांची बेरीज करत बसाल.

तिसरी पायरी: छेद

नुसती संख्या फसवते. मार्चमध्ये तफावती १२ आणि जुलैमध्ये १०. मार्च वाईट वाटतो. पण मार्चमध्ये मोठ्या तपासणीला दोन विमानं होती आणि काम झालं १५,००० मनुष्यतास, जुलैमध्ये १०,०००. दर हजार तासांना मार्चचा दर ०.८ आणि जुलैचा १.०. वाईट जुलै होता.

ज्यानं भागायचं तो आकडा म्हणजे छेद; तो धोक्याला शोभेल असा घ्या. हत्यारांसाठी मनुष्यतास, पक्ष्यांसाठी उड्डाणं-अवतरणं, टोइंगच्या, म्हणजे विमान ओढून नेतानाच्या, धक्क्यांसाठी टो केलेल्या खेपा, फ्लाइंग स्कूलसाठी उड्डाणतास. हा आकडा बहुतेक दुसऱ्या विभागाकडं असतो आणि तो महिन्याच्या पंधरा तारखेशिवाय मिळत नाही. त्या विभागाशी आधीच गोडीत बोलून ठेवा.

चौथी पायरी: सरासरी आणि धोक्याच्या रेघा

आता बारा महिन्यांचे दर घेऊ. आकडे समजावण्यापुरते रचलेत, जानेवारीपासून: १.०, १.२, ०.८, १.१, १.६, १.५, १.०, ०.९, ०.७, ०.८, १.०, ०.४. बेरीज १२.०, म्हणजे सरासरी १.०. एक्सेलमध्ये सगळ्या संचाचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती पसरलेत ते, काढणारं सूत्र वापरलं की उत्तर येतं ०.३१६ च्या आसपास. आता पुढच्या वर्षाच्या आलेखावर तीन आडव्या रेघा मारा: सरासरी अधिक एक विचलन १.३२, अधिक दोन विचलनं १.६३, अधिक तीन १.९५.

आयकाओच्या पुस्तिकांमधून रूढ झालेली धोक्याची घंटा अशी वाजते: एखादा महिना तिसऱ्या रेघेवर गेला, किंवा लागोपाठ दोन महिने दुसरीवर, किंवा लागोपाठ तीन महिने पहिलीवर. समजा पुढच्या वर्षी एप्रिल १.४, मे १.५, जून १.४ आला. एकही महिना भयानक नाही, मे तर गेल्या वर्षीपेक्षा कमीच. पण तिन्ही १.३२ च्या वर आहेत. घंटा वाजली.

रेघांवर डोळे मिटून विसंबू नका. गेल्या वर्षीचे मे-जून मुळात वाईट होते आणि ते सरासरीतच मुरलेत. म्हणून त्यांनी विचलन फुगवलं आणि रेघा वर सरकवल्या. उन्हाळ्याचा धोका असेल तर यंदाचा मे गेल्या मेशीही ताडून बघा. दुसरं, डिसेंबरचा ०.४. मिटिंगमध्ये कोणी त्याबद्दल विचारत नाही, कारण तो खाली आहे. मी तर आधी त्याच्याकडंच बघेन. टूल क्रिबवरचा नेहमीचा माणूस रजेवर होता का? बदली माणसानं मोजलं का?

आणि वर्षातून एखाद-दोनदाच घडणाऱ्या गोष्टींना ही रीत लावू नका. आठ महिने शून्य, मग एक, मग शून्य. त्यावर विचलन काढून काही कळत नाही. तिथं प्रत्येक घटना पूर्ण उकलून लिहा आणि मोजायचंच असेल तर तिच्या आधीच्या पायऱ्या मोजा. चार विमानांच्या फ्लाइंग स्कूलला तर मी सांगतो, आलेख तीन पुरेत, उरलेला वेळ गोष्टी ऐकण्यात घाला.

पाचवी पायरी: लक्ष्य

‘पुढच्या वर्षी सरासरी ५ टक्क्यांनी खाली’ असं लक्ष्य बहुतेक संस्था लिहितात. चालतं, पण शेजारी ‘कशामुळं’ हा रकाना हवा. कोणता बदल करणार, कोण, कधीपर्यंत, पैसे कुठून. तो रकाना भरता येत नसेल तर लक्ष्य लिहू नका. घटनांच्या रिपोर्टसाठी ‘शून्य’ हे लक्ष्य तर कधीच नको. आणि कुठल्याही निर्देशकाला कोणाचा बोनस बांधू नका; त्या दिवसापासून आकडा तुमचा राहत नाही.

सहावी पायरी: घंटा वाजल्यावर

आता आपल्या एप्रिल-मे-जूनकडं परत येऊ. पहिली उर्मी असते परिपत्रक काढायची: ‘सर्वांनी हत्यारांची काळजी घ्यावी.’ खाली तिन्ही शिफ्टच्या सह्या. त्यानं काहीही बदलत नाही. आधी भर दुपारी त्या जागी जाऊन उभे राहा. आपल्या उदाहरणात टूल क्रिब एका टोकाला आणि विमान बाहेर ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या फरसबंद आवारात. दोन्हींमध्ये दोनशे मीटर तापलेलं काँक्रीट. दर वेळी पाना परत करून दुसरा आणायचा तर चारशे मीटर ऊन. कोणताही शहाणा माणूस सहा पाने एकदम खिशात घालून येईल. नियम मोडणारा माणूस आळशी नव्हता, मांडणी चुकली होती.

उपाय निवडताना क्रम पाळा. धोका मुळातून जातो का: ते काम पहाटेच्या शिफ्टला घेता येईल का, विमान आत ओढता येईल का? नसेल तर मांडणी बदला: प्रत्येक हत्याराला फोममध्ये खाच कापलेली ट्रॉली विमानापाशीच न्या, म्हणजे गायब हत्यार खाचेतच दिसेल. त्यानंतर पद्धत: जेवणाच्या सुट्टीआधी ट्रॉली मोजायची. प्रशिक्षण आणि परिपत्रक सर्वांत शेवटी. आपल्याकडं हा क्रम नेमका उलटा लागतो, कारण परिपत्रकाला पैसे लागत नाहीत.

मग पैसे. इथं अकाउंटेबल मॅनेजर हवा. नियमानं सुरक्षेची अंतिम जबाबदारी आणि तिजोरी एकाच माणसाच्या हाती ठेवलीय ती यासाठीच. महिन्याच्या बैठकीत तो स्वतः बसला पाहिजे, प्रतिनिधी नको. बैठक पाऊण तासाची. फक्त वाजलेल्या घंटा, मागच्या महिन्यातल्या उघड्या कामांची यादी आणि न सुटलेला पैशाचा प्रश्न.

रिपोर्ट येत राहावेत म्हणून

हे सगळं चालतं ते खालून येणाऱ्या रिपोर्टांवर. काही घटना डीजीसीएला कळवणं बंधनकारक असतं. ती यादी वेगळी. पण खरा खजिना ऐच्छिक रिपोर्टांत असतो आणि तो विश्वासावर चालतो. चूक झाली तर शिक्षा नाही. जाणूनबुजून बेपर्वाई, लपवाछपवी किंवा दारू पिऊन काम केलं तर आहे. ही रेघ लेखी आखा आणि पहिलं प्रकरण आलं की तिच्यावर टिका. एकदा जरी रिपोर्ट लिहिणाऱ्यालाच मेमो गेला, तर पुढची दोन वर्षं पेटी रिकामी राहील आणि तुमचे आलेख फार सुंदर दिसतील.

म्हणून रिपोर्टांची संख्या हाच एक निर्देशक ठेवा, दर शंभर कर्मचाऱ्यांमागे. तो घसरला की काळजी करा, वाढला की नाही. सोबत अजून एक: रिपोर्ट आल्यापासून लिहिणाऱ्याला उत्तर मिळेपर्यंतचे दिवस. सात दिवसांत उत्तर द्या, मग ते ‘यावर आत्ता काही करता येत नाही, कारण असं’ एवढंच का असेना. आणि फॉर्म मराठीत, हिंदीतही भरता येऊ द्या. इंग्रजी फॉर्म बघून हेल्पर आणि लोडर मागं सरतात, आणि ॲप्रनवर दिवसभर तेच असतात. एक हेल्पर मला म्हणाला होता, “साहेब, लिहाचं तं आहे, पण लिहू कसं?” मी त्याला व्हॉइस नोट पाठवायला सांगितलं. पुढच्या महिन्यात त्याच्या अकरा आल्या, त्यातल्या चार कामाच्या.

बदल केल्यानंतर

ट्रॉली आली की पहिल्या महिन्यात दर खाली न जाता वर जातो. घाबरू नका. आधी खिशातलं हत्यार कुणाला दिसत नव्हतं, आता रिकामी खाच ओरडून सांगते. आलेखावर त्या दिवशी एक उभी रेघ मारा, शेजारी ‘ट्रॉली’ आणि तारीख लिहा. जुन्या रेघा तिथंच थांबवा, नवी सरासरी लगेच काढायची घाई करू नका. बारा महिने जमू द्या, त्यात एक पूर्ण मे येऊ द्या. साहेबांनी मधेच विचारलं की आकडा वाढला कसा, तर त्यांना कागद दाखवू नका. दुपारी दोन वाजता ॲप्रनवर घेऊन जा आणि ट्रॉलीपाशी उभं करा.